कौल

प्यूशवालला रस्ता एकच,
तोही धाप लावल्याशिवाय पोचवत नाही.
वर गेलं की आधी गाव दिसत नाही,
आधी वारा दिसतो,
दोरीवरच्या चादरींत.

मी छपरं शाकारतो. माझ्या बापाने शाकारली,
त्याच्याआधी त्याच्या मामाने.
गावात माणसं सदतीस, छपरं एकशे चार,
आणि चौकातल्या दगडावर
लढाईत गेलेल्यांची नावं एक्कावन्न.
हिशेब इथला असाच, उलटीकडून मांडलेला.

ऐकीव गोष्ट अशी, की साडेसातशे वर्षांपूर्वी
खालच्या खोऱ्याच्या धन्याने कौल दिला :
या उघड्या कड्यावर जो घर बांधील
त्याला बारा वर्षं सारा माफ,
द्राक्षवेलींपुरता उतार,
आणि तटाच्या आत झोप.
झोप हा शब्द म्हणे कातड्यावर लिहिला होता.
ते कातडं कुणीच पाहिलेलं नाही.
कुणी म्हणतं उंदरांनी खाल्लं,
कुणी म्हणतं क्रांतीच्या वर्षी चौकात जाळलं.
आझेली कॉम्बारिय म्हणते,
तिच्या खापरपणजीने त्यात चीज गुंडाळलं.

आझेलीच्या एप्रनच्या खिशात चर्चची किल्ली असते.
इतकी जड, की ती डावीकडे कलून चालते.
किल्ली घरी ठेवली तरी
कलूनच चालते आता.

मार्चमध्ये तिने निरोप धाडला :
फिर्मँ, संत ब्लेझच्या नाकावर थेंब पडतोय,
आणि त्यालाच सर्दी झाली
तर आपल्या घशांचं कोण बघणार?

वर चढलो. नळीची कौलं,
खिळा नाही, चुना नाही,
एकमेकांच्या भारावर निजलेली.
शेवाळ खरवडलं, एकेक उचलत गेलो,
आणि एक हातात उलटं झालं.

आत कुत्र्याचा पंजा.
चार बोटं, नखांसकट,
पळतानाची, म्हणून पुढून खोल.
आणि मागोमाग, काठावर, अर्धीच,
एका पोराची टाच.

साच्यावर वाकवायच्या आधी
उन्हात पसरलेली ओली माती असणार ती.
कुणीतरी ओरडलं असणार.
कुंभाराने शिवी हासडली असणार,
मग आकाशाकडे, मग सरपणाकडे बघून
भाजून टाकलं असणार तसंच.

धन्याने दिला तो कौल गेला.
कुत्र्याने तुडवलं ते कौल राहिलं.

जिल्ह्याच्या गावाहून मादाम थुव्हनो आल्या,
पांढरे हातमोजे घालून.
कौल त्यांनी बाळासारखं धरलं.
काचेची पेटी, म्हणाल्या, खालून दिवा,
तीन भाषांत पाटी.
पंचायत बसली. तीन हात वर, तीन खाली.
सातवे पंच दवाखान्यात, गुडघ्यासाठी.

आझेलीला मत नव्हतं. ती दाराशी उभी होती, कललेली.
मला विचारलं, फुटलंय?
नाही.
गळतं?
गळत होतं ते शेजारचं.
मग याला कसली रजा?

कुणी हसलं नाही. मादाम थुव्हनोंनी
हातमोजे काढले, एकेका बोटाने,
आणि पहिल्यांदाच उघड्या अंगठ्याने
त्या टाचेवरून हात फिरवला.
बराच वेळ.

कुठल्या ओळीत बसवलं ते सांगणार नाही.
पत्रं येतात अजून, शिक्का मारलेली,
आझेली त्यांवर अंडी मांडून ठेवते.
पेटीचं काय झालं, माहीत नाही.

मला एवढंच ठाऊक, की रात्री सर आली
आणि माझी झोप मोडली, तर
मी छत मोजत पडतो :
वरून पाणी धावतं उताराला,
आतून, कोरडं, ते कुत्रं.
आणि ती टाच.
अजून मागेच.