नमुना

दारेजान जिकियाची पिशवी
कुताइसीच्या इस्पितळात माझ्या टेबलावर आली
मंगळवारी, पावणेबारा वाजता,
पांढऱ्या झाकणाच्या बादलीत.
मी आधी वजन केलं: सहाशे चाळीस ग्रॅम.
मग कडेकडेने शाई लावली,
डावीकडे निळी, उजवीकडे काळी,
म्हणजे पुढे कापताना कळावं
की तिचं शरीर कुठे संपत होतं.

दहा महिने सगळे म्हणत होते, साधी गाठ.
या वयात असतेच म्हणे.
पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईची गाठ
वाढतेच कशी, हे एकट्या बेसारिओनने विचारलं.
तिला हवी होती दुर्बिणीची शस्त्रक्रिया:
तीन भोकं, दोन दिवस, आणि घरी.
ऑगस्टात झुगदिदीला हेझलनट उतरतात
आणि तिच्याशिवाय काट्यावर कोणी बसत नाही.
तो म्हणाला, भोकातून काढायची तर आत फोडावी लागेल,
आणि फुटली तर पोटभर सांडेल.
बेंबीच्या वरपर्यंत चिरीन, पण अखंड काढीन.
ती म्हणाली, चीर.
भरलं पोतं घरात फाडू नये, एवढं मला कळतं.

काचेखाली स्नायूच दिसले,
जांभळे, आडवेउभे,
थांबायचं तेवढं विसरलेले.
दहा चौकटींत दुभंगणाऱ्या पेशी मोजायच्या असतात.
अंगठ्याखाली टिकटिक.
दहावर मी डोळे चोळले.
तेवीसवर संपलं.
पुन्हा पहिल्यापासून मोजलं: चोवीस.
अहवालात तेवीस लिहिलं.
एकाने काहीच बदलत नाही. तरी.

आम्हा काचांच्या माणसांना
कुणी भेटायला येत नाही.
ती आली, तीन आठवड्यांनी, टाक्यांवर हात धरून
तळघराचा जिना उतरत.
पहिला प्रश्न: किती भरली?
सांगितलं.
माझा लेवान तीन किलो दोनशे होता, ती म्हणाली.
पोटचे गोळे दोन.
एकाला मी नाव ठेवलं, एकाला तुम्ही.

मग दुसरा प्रश्न, जो मी टाळत होते.
शाईपर्यंत काही पोचलेलं नाही, मी म्हणाले, कडा स्वच्छ आहेत.
पण हा रक्तातून जातो, फुप्फुसांकडे.
अशा शंभर बायकांतल्या पाच वर्षांनी
पन्नासेक असतात.

तिने खिशातून गेल्या हंगामाचे मूठभर दाणे काढून
माझ्या अहवालांवर ओतले.
गाडीभर मालातून आम्ही एवढेच फोडतो, म्हणाली.
पोचट किती निघाले, त्यावर भाव.
पण भाव पोत्याचा असतो, बाई. दाण्याचा नसतो.
एक उचलून तिने माझ्या तळहातावर ठेवला.
हा सांग. भरलेला की पोचट?
मी हलवला. कानाशी नेला.
फोडल्याशिवाय, मी म्हणाले.
फोडायचा नाही, ती म्हणाली,
आणि तेवढा एक परत खिशात टाकून
जिना चढू लागली, मधे दोनदा थांबत.

ऑगस्टात ती काट्यावर बसली म्हणे, पोटाला पट्टा बांधून.
सप्टेंबरच्या फोटोत फुप्फुसं स्वच्छ.
डिसेंबरच्याही.
मार्चचा अजून यायचाय,
आणि तो वरच्या मजल्यावर निघतो, माझ्या खात्यात नाही.

काल सगळे घरी गेल्यावर
वाटीत उरलेले तिचे दाणे मी फोडले.
सतरा. चौदा भरलेले.
सवयीने मोजले.
नोंद केली नाही.