कुणाचे हात

शनिवारी साडेसहाला, टिळकवाडीत,
सायकलच्या दुकानावरल्या खोलीत
मिनेझिस टीचर फळ्यावर तीन चौकोन काढतात.
एकात क्रियापद, एकात क्रियाविशेषण,
तिसऱ्यात माय, युवर, हिज, हर.
"तिघांना एका वाक्यात बसवा," म्हणतात,
"ढकलाढकली न करता."

मी उद्यमबागेत, फाउंड्रीत.
साच्यातली काळी वाळू नखांतून जात नाही.
लिहिलं : आय क्विकली वॉश हँड्स.
टीचरनी लाल पेनानं मध्ये बाण मारला :
हूज हँड्स?

कुणाचे म्हणजे?
हात धुतले, जेवायला बसलो, असंच म्हणतो आपण.
दुसऱ्याचे कोण धुतंय बे?
"इंग्रजीत सांगावं लागतं," टीचर म्हणाल्या,
"नाहीतर हात वाक्यात नुसते पडून राहतात,
गाडीत विसरलेल्या छत्रीसारखे."
मी माय घातलं.
भांड्यावर नाव कोरून घेतात ना, ठक ठक ठक, तसं वाटलं.
आठ ते साडेचार हे हात कुणाचे असतात
ते मात्र त्यांनी विचारलं नाही.

बाकावर शेजारी नीलव्वा हुक्केरी.
शहापुरात तिची खानावळ.
तिचं मराठी माझ्या कन्नडइतकंच, बाजारापुरतं.
मेलबर्नहून नातवाचा फोन येतो,
त्याला ही येत नाही, ती येत नाही,
म्हणून साठीला वही घेतलीय.

आम्हा दोघांची चूकही एकच :
क्रियापद शेवटी ठेवतो.
तिच्याकडेही ते शेवटच्या बसनं येतं, माझ्याकडेही.
कोण, कुठं, कधी, कुणाबरोबर,
सगळी मंडळी पिशव्या घेऊन आधीच उभी,
मग ते येतं आणि सगळं हलतं.
पाट्यांवरून भांडणाऱ्यांना
हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

हॅवपाशी तर दोघंही अडकलो.
माझ्याकडे छत्री आहे.
तिच्यात : नन्न कडे ऐती.
'कडे'सुद्धा तेच.
धरलेलं नाही, राखलेलं नाही,
वस्तू आपणहून जवळ येऊन बसलीय,
उद्या उठून गेली तर गेली.
आय हॅव म्हणताना नीलव्वाची मूठ आपोआप वळते.
मी पाहिलंय.

मागल्या शनिवारी स्लोली होतं.
कुणी हळू चाललं, कुणी हळू चहा प्यायलं.
नीलव्वा उभी राहिली, वहीत बोट ठेवून वाचलं :
माय हजबंड स्लोली फरगेट्स माय नेम.

पंखा तेवढा फिरत होता.
खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.
टीचरनी चूक शोधली, सापडली नाही.
"स्लोली शेवटीसुद्धा चालेल," त्या कशाबशा म्हणाल्या.
"नको," नीलव्वा म्हणाली, "मध्येच असू दे.
शेवटी घातलं तर
विसरून झालं असं वाटतंय."

परतताना दुसरं रेल्वे गेट पडलेलं.
मालगाडी. वाघिणी मोजत उभे राहिलो.
एकविसाव्या वाघिणीला ती म्हणाली,
"आणि एक केलोय बघा. बरोबर काय सांगा.
ही स्टिल ईट्स फ्रॉम माय हँड."
सुनेनं दिलेलं तोंडात घेत नाही म्हणे,
नर्सनं दिलेलं थुंकतो.
स्टिल म्हणजे अजून.
ते ही आणि ईट्सच्या मधे
अंग चोरून उभं होतं, आमच्यासारखंच, गेटपाशी.

"बरोबर आहे," मी म्हटलं.
मग लक्षात आलं, आपल्यातही लागतो की हाताला मालक!
धुताना नाही लागत. भाकरीला लागतो.
आईच्या हातची. हिच्या हातची.
माझ्या हातचं
अजून कुणी काही खाल्लेलं नाही.

गेट उघडलं, तिची रिक्षा गर्दीत गेली.
घरी येऊन बायकोला म्हटलं,
आज सरक तू, मी थापतो.
तिनं परातीवरून मान वर केली,
माझ्याकडे बघितलं, सावकाश, खालपासून वरपर्यंत.
म्हणाली, आधी हात धू.