कोरी बाटली

तार्चीझिओकडे जायचं असेल त्या सकाळी
मी तोंडाला क्रीम लावत नाही.
सहा वेळा धुतलेला सुती शर्ट घालते.
पाऊस असला तरी रेनकोट नाही.
पाण्यात जे शोधायचं
तेच असतं रेनकोटात, तव्यावर, पिझ्झाच्या खोक्यात.
पाण्याला चिकटू न देणारं,
आणि पाण्यातच जाऊन बसलेलं.

व्हेनेतोचा हा सपाट मुलूख.
मका, तुतीची एक रांग,
अंगणात त्याच्या आजोबांनी बसवलेला हातपंप.
वास नाही, चव नाही, रंग तर नाहीच.
तार्चीझिओ पेला उजेडात धरतो
जणू माझेच डोळे अधू.

मी हातमोजे चढवते,
तो पंप मारतो, मी मिनिटं मोजते.
बाटली भरल्यावर दुसरी काढते:
प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी,
इथल्या हवेत एकीतून दुसरीत ओतायचं, बस.
"ही कशाला?"
"ही माझी परीक्षा. माझ्या हातांची."
तो खूश होतो. कोंबड्यांना मका टाकतो.
त्यांची अंडी खाऊ नका, असं पत्र आलंय.
कोंबड्यांना कुणी कळवलेलं नाही.

अकरा दिवसांनी आकडे आले.
त्याचा मोठा. वाटलं होतं तेवढाच.
पण कोऱ्या बाटलीत तीन.
लिटरमागे तीन नॅनोग्रॅम.
लोकांना सांगताना आम्ही थेंब आणि तलाव सांगतो,
ते मान डोलावतात.
खरं तर मलाही दिसत नाही तो तलाव.

शर्ट? केसांचं रबर? गाडीची सीट?
मी इथून चौदा किलोमीटरवर जन्मले,
याच पाण्याच्या पेजेवर वाढले.
रक्त काही बाटलीत झिरपत नाही, ठाऊक आहे.
तरी त्या रात्री भांडी घासताना
हात उलटेपालटे करून पाहिले.

"म्हणजे पाणी चांगलं निघालं?"
"नाही. म्हणजे मला अजून काही म्हणता येत नाही.
पुन्हा घ्यावं लागेल."
तार्चीझिओ आत गेला. बराच वेळ.
बायकोचा एक शर्ट घेऊन आला,
कॉलर विरलेली, कोपरावर ठिगळ.
"तीस वर्षं धुतलाय हा.
नवं काही घेतलंच नाही तिनं."

न्हाणीघरात जाऊन बदलला.
बाह्या आखूड पडल्या, दोन बटणं नव्हती.
बाहेर तो पंपापाशी उभा होता,
दांडा धरून,
मी म्हणेपर्यंत थांबलेला.