थर क्रमांक दोनशे चौदा

दोन विषय, एक पदवी.
बाबा सँडरलंडमध्ये गॅसचे पाइप जोडतात. विचारतात,
"म्हणजे मेलेल्यांना शिकणार, की जिवंतांना?"
मी म्हणते, गुरुवारपर्यंत मेलेल्यांना.

दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा, ऑर्कनीतलं एक बेट.
झाड एकही नाही,
त्यामुळे वाऱ्याला अडायला फक्त आम्ही,
अकरा जण, गुडघ्यांवर,
हातात गवंड्याची थापी.
मातीचा रंग पुस्तकातल्या चौकोनांशी ताडायचा
आणि लिहायचं: गडद तपकिरी, ओलसर, थोडा कोळसा.
तपकिरीला इतकी नावं असतात
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शिंपले. शिंपले. खापराचा तुकडा. शिंपले.
दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी जेवून
टरफलं दाराबाहेर भिरकावली
आणि मी ती पिशवीत घालून नंबर देते.
(आईला हे कळवलेलं नाही. तिने माझी खोली पाहिली आहे.)

गुरुवारी, थर दोनशे चौदामध्ये
मला कुत्रा सापडला.
अख्खा. उजव्या कुशीवर,
पाय पोटाशी, नाक शेपटीकडे.
मी ब्रश टाकून ओरडले.
डॉ. ड्युअर वाकल्या, बराच वेळ गप्प राहिल्या,
मग तो शब्द म्हणाल्या
जो आमच्यात काहीच कळेनासं झालं की म्हणतात:
विधी.
उंबऱ्याशी पुरलेला राखणदार!
संध्याकाळपर्यंत आम्ही त्याला धर्म दिला, देव दिला,
ओवेनने तर बळीची वेळसुद्धा ठरवली,
सूर्य मावळताना.

शुक्रवार जिवंतांचा.
शेतमालक विली लिंकलेटर, वय एक्क्याऐंशी, मुलाखत क्रमांक सहा.
संमतीपत्र वाचून म्हणाला, "माझं नाव बदलणार? का बुवा?
इथे सगळ्यांना ठाऊक आहे मी कोण."
जमीन, वारसा, मेंढ्या, माझे प्रश्न पाठ होते.
त्याने उत्तरं दिली नाहीत, चहा दिला,
आणि विचारलं, खड्ड्यात काय निघालं.

मी फोटो दाखवला.
त्याने चष्मा कपाळावर ढकलला, फोन नाकाशी नेला.
"पुढचा डावा पाय बघ. हाड वाकडं जुळलंय ना?
ट्रॅक्टरखाली आली होती.
ही फ्लॉस."

रेकॉर्डरवर पुढचे एकोणीस सेकंद
नुसती किटली आहे.

"सदुसष्टचा मार्च. वडलांनी खणलं, मी तिला धरून उभा.
त्याच कोपऱ्यात माती भुसभुशीत.
का, ते तेव्हा माहीत नव्हतं."

खड्ड्याची कड मला दिसायला हवी होती,
काळ्यात काळी रेघ.
परतताना वाटभर शोधत होते
खापर कुणावर फोडावं:
पावसावर, सशांच्या बिळांवर, ओवेनच्या सूर्यावर.

डॉ. ड्युअर हसल्या नाहीत. म्हणाल्या, फॉर्म दुरुस्त कर.
'अर्थ' या रकान्यातलं 'विधी' मी खोडलं.
लिहिलं: अलीकडचं, १९६७.
मग पेन तसंच हातात राहिलं.
कारण रेकॉर्डर बंद केल्यावर विली म्हणाला होता
की वडलांनी तिच्या डोक्याखाली स्वतःची टोपी सारली,
आणि घरी जाऊन दोघांनीही तोंडातून ब्र काढला नाही.

लोकर कुजून जाते, टोपीचा थर उरत नाही.
जे सापडलं नाही ते लिहायचं नाही, हे पहिल्या वर्षी शिकले.
जे टेप बंद असताना ऐकलं तेही नाही,
हे त्याच वर्षी, पलीकडच्या इमारतीत.
रकाना दोन इंचांचा होता. उरलेला कोराच ठेवला.

शनिवारी विली फावडं घेऊन आला.
पिशवीवरचा नंबर त्याने मोठ्याने वाचला,
म्हणाला, "हाक मारायला लांब पडतं हे,"
आणि आमच्यापैकी कुणालाही खणू दिलं नाही.

रविवारी बाबांचा फोन.
काय मग, मिळालं का काही?
"कुत्री," मी म्हणाले.
बाबांनी लगेच विचारलं, "कुणाची?"

गुरुवारी, खड्ड्याच्या काठावर,
आम्हां अकरा जणांपैकी
हे एकालाही सुचलं नव्हतं.