अनामत

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
पहाटेची बांग व्हायच्या आत
मी बॅकअप लावतो.
गुदैबियाची गल्ली तेव्हा निजलेली असते.
खालचा मलबारी तेवढा ओट्यावर परोट्याचं पीठ आपटत असतो.

पुढच्याला ठेच लागते, मागचा शहाणा होतो म्हणतात.
इथे पुढचाही मीच होतो.
पहिली डिस्क पलंगावरून चटईवर पडली,
वीतभर उंचीवरून,
आणि आत टक् टक् करत राहिली,
दाराबाहेर कोणी उभं असावं तशी.
केतकीची पहिली तीन वर्षं त्यात होती.
मनामाच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी धरली,
मान हलवली, पैसे घेतले नाहीत.
प्रियंवदा म्हणाली, आपल्याला आठवतंय ना? मग झालं.
त्या रात्री आम्ही आठवत बसलो.
जावळाच्या दिवशी कोण रडलं होतं
ते दोघांना वेगवेगळं आठवलं.

उस्मानला हे सांगितलं,
भट्टीच्या पाळीत, लिंबाचं सरबत पिताना.
तो म्हणाला, एका घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत.
आग लागली की ती मोजत बसत नाही.
दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून
त्याने आपली डिस्क आणली.
माझी तू ठेव, तुझी मी ठेवतो.
उघडायची नाही.
अमाना, म्हणाला.
मी म्हटलं, आमच्याकडे अनामत.
तो खूप हसला. शब्द कुठवर चालत आला बघ, म्हणाला,
वाटेत त्याची अक्षरं इकडची तिकडे झाली, इतकंच.

नऊ वर्षं त्याचं घर
माझ्या कपाटात, पासपोर्टांच्या डब्यामागे होतं
आणि माझं त्याच्या मुहर्रकच्या खोलीत.
तीन महिन्यांनी अदलाबदल व्हायची,
नवे फोटो भरायचे, पुन्हा अदलाबदल.
एकमेकांच्या बायकापोरांना
आम्ही कधीच पाहिलं नाही.

मग तो रजेवर ओमदुरमानला गेला
आणि तिकडे लढाई पेटली.
फोन आधी वाजत राहायचा,
नंतर एक बाई अरबीत काहीतरी सांगायची.
कंपनीने सहा महिने वाट पाहून खोली रिकामी केली.
फोरमनने मला एक खोका दिला.
त्यात माझी डिस्क होती,
लोकरीच्या मोज्यात घातलेली. बहारीनमध्ये लोकरीचा मोजा!
वर चिकटपट्टीवर त्याच्या अक्षरात माझं नाव.

आज पहाटे मी आमचं काहीच कॉपी केलं नाही.
त्याची डिस्क जोडली.
ती घरघरली, जागी झाली.
उघडायची नाही हे ठरलेलं,
पण कॉपी करताना नावं समोरून जातातच.
अरबी मला वाचता येत नाही.
आकडे येतात, गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलेले.
२००९. २०१२. २०१२. २०१२.
त्या वर्षी काहीतरी झालं असणार.
लग्न, की मूल, की नवं घर.
मी पडद्यावरून नजर काढली
आणि चहा ठेवला.

चार तास, म्हणाला संगणक.
मग अठ्ठावीस मिनिटं. मग पुन्हा तीन तास.
प्रियंवदा उठून आली, पडद्याकडे पाहिलं,
कोणाचं ते विचारलं नाही.
खुर्ची ओढून बसली.
बाहेर ऊन चढलं, एसीचं पाणी बादलीत ठिबकत राहिलं.

एक फाईल कॉपी झाली नाही.
वगळू की पुन्हा प्रयत्न करू, त्याने विचारलं.
पुन्हा.
पुन्हा.
प्रियंवदा म्हणाली, अजून एकदा.

आता उस्मानच्या दोन प्रती आहेत.
एक आमच्या कपाटात.
दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या रोवेनाकडे द्यायची,
तिला सांगायचं, उघडायची नाही.
कोणाची आहे विचारेल ती.
मोजा शोधतोय.
तो धुवायला टाकला की काय कोणी.