बधाई

एकतीस वर्षं मी प्रसूतीच्या खोलीतून
तोंड बाहेर काढून एकच शब्द म्हटला:
बधाई हो.

आमच्या इंदुरात मराठी माणूसही
आनंदाच्या भरात अभिनंदन म्हणत नाही.
अभिनंदन म्हणजे शाल, श्रीफळ
आणि मंडळाच्या अध्यक्षांचं लांबलेलं भाषण.
पोरगी पास झाली, स्कूटर आली, नातू झाला
की रामबागेतले बिडवईकाकासुद्धा
जिन्यातूनच ओरडतात, बधाई हो भिया!

आमच्या दारात बधाई म्हणजे पैसेही.
आया तळहात पुढे करायची,
बधाई तो दो, बाबूजी.
मुलाचे पाचशे, मुलीचे पन्नास,
तिसऱ्या मुलीला नुसते खिसे चाचपणं.
मी घेतले नाहीत असं म्हणणार नाही.
पहिली दोन वर्षं घेतले.
आईच्या चष्म्याची काच त्यातूनच आली.

मग एका रात्री धारचे कोरान्ने मास्तर,
मांडीवर थर्मास घेऊन बाकावर.
म्हटलं, बधाई हो, नात झाली.
त्यांनी विचारलं, नाळ कापलीत?
म्हटलं, तर काय.
मग बधाई झालीच, म्हणाले,
आणि थर्मासचं झाकण पुसत शिकवायलाच बसले:
बधाईचं मूळ वर्धापन.
जुन्या कोशात त्याचा एक अर्थ वाढवणं
आणि एक, बाई, नाळ कापणं.
धातुपाठात एक वर्ध आहे,
तो छेदतो, आणि भरतोही.
तुमचा वाढदिवस, बँकेचा वर्धापनदिन,
सगळी एकाच घरची पोरं.
मी हातमोजे काढत उभी.
एवढ्या जुन्या घराण्यातला शब्द
आणि मी तो पन्नासाला विकला होता.

गेंदाबाई देपालपूरची.
पहाटे सव्वाचार.
मूल आलं, रडलं नाही.
डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, लिहून घेतलं.
नाळ मात्र तेव्हाही कापावी लागते.
तोच चिमटा, तीच कात्री,
आवाजही तोच.
तिचा हात कठड्यावर आपटला,
लाखेची बांगडी तडकून खाली पडली,
आणि माझ्या तोंडून, आईच्या वळणाने, निघून गेलं:
वाढली गं.

कई बढ्यो, बेन?
तिने विचारलं.

काय सांगणार.
की आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते,
मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं,
देवापुढचा नारळसुद्धा आम्ही वाढवतो.
भीतीने म्हणतो की मायेने, मला ठाऊक नाही.
अशा रात्री आधीही आल्या होत्या,
पण तेव्हा मला कोरान्ने मास्तर
भेटलेले नव्हते.
मी तुकडे वेचले, कागदात बांधले,
तिच्या उशाशी ठेवले.
का ठेवले, तेही ठाऊक नाही.

बाहेर तिची सासू,
मुठीत वीसची नोट चुरगाळून बसलेली.
मी तोंड बाहेर काढलं
आणि मिटूनच ठेवलं.
तिने चेहरा वाचला.
गुडघ्यावर ठेवून नोट सरळ केली,
तळव्याने दोनदा दाबली,
आणि माझ्याच हातात दिली.
रात भर जागी हो, चाय पी लीजो.

ती मी घेतली.

गेल्या महिन्यात माझी नोकरी संपली.
खोलीत फुगे, भिंतीवर चमकीच्या कागदाची अक्षरं,
त्यातला ‘ई’ गळून पडलेला,
नुसतंच बधा.
नव्या पोरींनी हातात सुरी दिली,
काटो ना, मुळ्ये सिस्टर, काटो.
माझा हात सवयीने आधी चिमटा शोधू लागला.
मग कापला केक.
बधाई हो, सगळ्या एकदम ओरडल्या,
आणि पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी
रडणं सुरू झालं, नवं, कच्चं, रागावलेलं.
एकजण हातातली बशी टाकून पळाली.

उरलेल्यांना मी
एकेक तुकडा वाढला.