आधी दाब उतरव

हा पंप गरीब दिसतो, सर्वेश.
बादलीत सोंड घालून बसलेला,
वाळूत पसरलेली त्याची लांबलचक नळी,
आणि टोकाला ती बंदूक,
जत्रेतल्या खेळण्याहून थोडीशीच जड.
पण काटा बघ. दोनशे.
तुझ्या सायकलच्या चाकात असतो तीन, फार तर चार.

नारळी पुनवेला एकवीस दिवस.
नाट्याच्या खाडीला सगळ्या होड्या अजून ओंडक्यांवर,
उघडीप मिळेल तेवढाच आपला दिवस.
नाखवा चहा पाठवतो, चहाबरोबर निरोप:
"हिरादेवी झाली का?"
घाई त्याची आहे.
बोटं तुझी.

रजब वस्ता माझ्याहून चांगला रंगवायचा.
नाळेपासून वरांपर्यंत एक हात, कुठे ओघळ नाही.
त्या दिवशी टीप तुंबली,
टोकाला निळा थेंब लोंबत राहिला,
आणि त्याने तो बोटाने पुसला.
मिशीवरचं भाताचं शीत पुसावं तसा.
चाप अडकवलेला नव्हता.

रक्त नाही. दुखलंही नाही.
करवंदीच्या काट्याएवढा ठिपका.
त्याने बोट चोखलं, म्हणाला, सुई टोचली जणू.
मी हसलो.
(हे तुला सांगायचं नव्हतं.)

संध्याकाळी हजराभाभीने त्याचा हात उजेडात धरला.
मासळी कापणारीला हात कळतात.
बोट केंडासारखं फुगत होतं,
आणि थंड होतं.
राजापूरच्या डॉक्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं,
म्हणाला, सकाळी दाखवा.
"आत काय गेलंय ते माहीत आहे तुम्हाला?"
भाभीने विचारलं,
आणि पिशवीतून रंगाचा रिकामा डबा काढून
त्याच्या टेबलावर ठेवला.
त्याने लेबल वाचलं. किती दाबाने गेला, ते मला विचारलं.
मग फोन उचलला.

अणुस्कुऱ्याचा घाट, रात्रीचे अकरा.
डबा माझ्या मांडीवर.
रजब वळणावळणाला एकच सांगत होता:
उजवी बाजू राहिली, उद्या ऊन पडलं तर घे.
कोल्हापुरात तळहात उघडला, मग मनगट, मग त्याच्याही वर.
पाटाने पाणी जावं तसा रंग गेला होता,
शिरेच्या कडेकडेने.
चांगल्या कंपनीचा रंग, सर्वेश.
खाऱ्या पाण्याला दाद देत नाही,
रक्ताला कशाला देईल?

दोन बोटं गेली.
सकाळची वाट बघितली असती, तर हात गेला असता.
आता तो लिलावात वजनं मांडतो, डाव्या हाताने.
होडी समोरून गेली की मान वळवून
पट्टा सरळ आहे का बघतो.

म्हणून नळी गळते का ते बघायला हात फिरवायचा नाही.
पुठ्ठा फिरव. पुठ्ठ्याला भोक पडलं तर पडू दे.
बंदुकीचं तोंड माणसाकडे नाही,
कुत्र्याकडे नाही, गंमत म्हणून तर नाहीच.
तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे,
तो फक्त तुझी समजूत घालतो.
बिडी ओढणाऱ्याला लांब घालव,
तुझा मामा असला तरी.

आणि बटण बंद केलं म्हणजे पंप झोपला असं नाही.
नळी धरून ठेवते.
वीज गेली, नाखवा गेला, दिवस गेला,
तरी आत धरून ठेवते.
बंदूक लोखंडी बादलीच्या कडेला घट्ट टेकव.
चाप सोड. आता दाब.

ऐकलंस?
कधीचा बंद होता तो.

चाप परत अडकव. छोटा व्हॉल्व्ह खाली फिरव, तसाच राहू दे.
आता टीप काढ, धू, हवं ते कर.
तुझ्या खिशात मी लेबल ठेवलंय, या डब्याचं,
मागे कोल्हापूरचा नंबर आहे.
टोचलं, तर मला विचारत बसू नकोस,
मी पुन्हा हसेन कदाचित.

हात दाखव.
दुसरा.
बरं. चहा निवलाय, तसाच पी.